सिग्नल : प्रोग्रामचा अकाली शेवट

'सी' भाषेत लिहिलेला प्रोग्राम दोन प्रकारे संपतो. 'मेन' फंक्शन पूर्ण झाले किंवा 'एक्झिट' बोलावले, की तो रीतसर संपतो. बफरमध्ये उरलेली माहिती फाइलमध्ये लिहिली जाते व फाइली बंद होतात. मात्र सिग्नलमुळे तो मध्येच कोसळला, तर ही आवराआवर होतेच असे नाही आणि अर्धवट लिहिलेली माहिती कायमची गमावण्याचा धोका असतो.

सिग्नल म्हणजे चालू प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टिममार्फत मिळणारी तातडीची सूचना. 'सी'च्या १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकात असे सहा सिग्नल आहेत. मेमरीतील निषिद्ध जागेला हात लावल्यास 'सिगसेगव्ही', अंकगणिती दोष घडल्यास 'सिगएफपीई', अवैध यंत्र-आज्ञा आढळल्यास 'सिगइल' येतो. प्रोग्रामने स्वतःच 'अबॉर्ट' बोलावल्यास 'सिगअबर्ट', कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबल्यास 'सिगइंट', तर थांबण्याची विनंती म्हणून 'सिगटर्म' पाठविला जातो.

लिनक्सवर 'सिगसेगव्ही'चा क्रमांक ११ आहे. त्याने प्रोग्राम संपल्यास शेल त्यात १२८ मिळवून १३९ हा अंक नोंदवते. सोय सुरू असल्यास त्या क्षणीच्या मेमरीची प्रत 'कोअर' फाइलमध्ये उतरते. दोष नेमक्या कोणत्या ओळीत घडला, हे डीबगरच्या साहाय्याने तीवरून शोधता येते.

'सिगहप' हा युनिक्सचा आणखी एक सिग्नल. दूरध्वनीची जोडणी तुटली, की टर्मिनलवरील प्रोग्रामला तो मिळत असे. त्या काळाशी जुहूचे नाते आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील केंद्रातून १९८५ मध्ये स्वायत्त झालेली एनसीएसटी ही संस्था जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर होती. १९८६-८७ मध्ये तिच्यात आणि पवईच्या आयआयटीत दूरध्वनीच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. २००२-०३ च्या सुमारास ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. आज अहोरात्र चालणारे अनेक सर्व्हर 'सिगहप' मिळताच बंद न पडता आपली सेटिंग्ज नव्याने वाचतात.

हे शक्य होते ते 'सिगॲक्शन'ने नेमलेल्या हँडलरमुळे. हँडलरमध्ये 'प्रिंटएफ'सारखी फंक्शन्स बोलावणे धोक्याचे. तेथे केवळ एक खूण नोंदवावी आणि आवराआवर मुख्य प्रोग्रामने करावी. क्रमांक ९ चा 'सिगकिल' मात्र अडविता येत नाही. म्हणून अडलेला प्रोग्राम बंद करताना आधी 'सिगटर्म' पाठवून थोडी वाट पाहावी. 'सिगकिल' हा अखेरचा उपाय समजावा.