अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर

जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९१६ साली, विद्यापीठाच्या छत्राबाहेर स्थापन झालेली तत्त्वज्ञानाची अध्ययन-संशोधन संस्था. आजचे नाव प्रताप तत्त्वज्ञान केंद्र. संस्थापक गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ. शांकर अद्वैताची आधुनिक परिभाषेत मांडणी व्हावी, ही त्यांची आस होती. कापडगिरणीच्या पैशावर वेदान्ताची चर्चा चालावी, हा योग तसा दुर्मीळच.

पदवी घेतलेल्या होतकरू अभ्यासकांना शिष्यवृत्ती देऊन येथे ठेवून घेत. रासबिहारी दास, धीरेंद्रमोहन दत्त, टी. आर. व्ही. मूर्ती ही नावे त्यांतलीच. साने गुरुजीही शिक्षक होण्यापूर्वी काही काळ येथे अभ्यासाला होते. संचालकपद दीर्घकाळ जी. आर. मलकानी यांच्याकडे होते. १९३०नंतरच्या दशकात कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनीही ते काही काळ सांभाळले. ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हा भट्टाचार्यांचा अवघड, पण विसाव्या शतकातील भारतीय तत्त्वचिंतनात अग्रगण्य ठरलेला ग्रंथ संस्थेनेच १९३०मध्ये प्रसिद्ध केला.

येथील विचारपद्धतीचा नमुना म्हणजे मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांचे ‘अज्ञान’ (१९३३) हे इंग्रजी पुस्तक. ‘मला हे ठाऊक नाही’ असे म्हणणाऱ्याला नेमका कशाचा अनुभव येतो? अज्ञान म्हणजे नुसता ज्ञानाचा अभाव म्हणावा, तर ज्याचा अभाव जाणवायचा, ते आधी ठाऊक असावे लागते. आणि ठाऊक असेल तर अज्ञान कुठले? म्हणून अद्वैती अज्ञानाला भावरूप, म्हणजे वस्तूवर आवरण घालणारे काहीतरी मानतात. पण भावरूप असेल, तर ते ज्ञानाने नाहीसे कसे होते? या पेचाची तिघांनी आपापल्या परीने उकल केली. जुना शास्त्रार्थ पाठ म्हणून न गिरवता खुला प्रश्न म्हणून हाती घेणे, हे अमळनेरचे खरे वैशिष्ट्य.

अद्वैताचा कल उघड होता, आणि मलकानींच्या लेखनात तो कधीकधी आग्रही होतो. तरीही मूर्तींचे गाजलेले पुस्तक (१९५५) माध्यमिक बौद्ध मतावर आहे. अमळनेरहून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक निघत असे. १९७३पासून पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या सहकार्याने ते ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या नावाने नव्याने सुरू झाले. त्यामागे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक सुरेंद्र बारलिंगे यांचा पुढाकार होता.