घाट उतरणाऱ्या बैलगाडीची कुळकथा

खेडे दाखवायचे म्हटले की आपल्या पाठ्यपुस्तकांत, कॅलेंडरांवर आणि गणपतीपुढच्या देखाव्यांत बैलगाडी येतेच. ती नांगराइतकीच जुनी असणार, असे आपण न तपासता धरून चालतो. कोल्हापूरच्या पश्चिमेला, शाहूवाडी तालुक्यात, आंबा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मलकापूर हे छोटे शहर आहे. त्या शहराचा इतिहास या समजुतीच्या विरुद्ध साक्ष देतो. सह्याद्रीच्या या पट्ट्यापुरते माझे म्हणणे असे, की माल भरून घाट चढणारी-उतरणारी बैलगाडी ही एकोणिसाव्या शतकाची निर्मिती आहे. महसुलाची नवी पद्धत, बांधलेला रस्ता आणि लोखंड या तिन्हींतून ती जन्मली. इथल्या खेड्याच्या अर्थव्यवहाराला पहिला मोठा धक्का दिला तोही तिने, आणि तोही आगगाडीच्या आधी.

गाडीपूर्वी काय होते ते आधी पाहू. कोकणातले मीठ, सुकी मासळी, नारळ आणि सुपारी वर यायची. घाटावरचा गूळ, मिरची, तंबाखू आणि धान्य खाली जायचे. ही ने-आण बैलाच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर होत असे. लमाणांचे, म्हणजे बंजाऱ्यांचे, तांडे शेकडो बैल घेऊन फिरत. प्रत्येक बैलाच्या दोन्ही बाजूंना गोणी लोंबत, तांड्याचा नायक मुक्काम ठरवी, आणि बैलांचा चारा वाटेवरच्या पडीक रानात फुकट मिळे. लष्करांचे दाणागोटेही याच तांड्यांवर चालत. १८०३च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्लीलासुद्धा धान्यासाठी त्यांचीच मनधरणी करावी लागली होती. त्यांच्या वाटा बैलाच्या खुराला सोयीच्या असत. डोंगराच्या नाकाडावरून त्या सरळ चढत, अवघड जागी दगडी पायऱ्या असत आणि कोठे फरसबंदी. अशा वाटेवर चाक चालत नाही. विशाळगडाचे महत्त्व या वाटांशी बांधलेले होते. एका अंगाला आंबा आणि दुसऱ्या अंगाला राजापूरकडे उतरणारा अणुस्कुरा, या दोन्ही घाटांवर नजर ठेवणारा तो गड होता. पायवाटेने जाणाऱ्या तांड्याला अडवायचे, राखायचे किंवा त्याच्याकडून जकात घ्यायची, तर उंचावरचा गड आणि त्यावरची शिबंदी पुरेशी होती.

ही घडी १८४४ साली मोडली. १८४३मध्ये दाजी कृष्ण पंडित यांच्या हाती कोल्हापूरचा कारभार आला. गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनी त्यांच्या हातून काढून मुलकी व्यवस्थेखाली आणण्याचे धोरण त्यांनी धरले. सामानगड आणि भुदरगडापासून बंड उठले, पन्हाळ्यावर तर कर्नल ओव्हान्स यांना बंडवाल्यांनी अडकवून ठेवले. ब्रिटिश फौजेने ते मोडल्यावर गडांचे तट पाडण्यात आले. विशाळगडही त्यातून सुटला नाही, आणि विशाळगड जहागिरीचे मुख्य ठाणे मलकापुरास आले. एरवी ही घटना बंडाची शिक्षा म्हणून सांगितली जाते आणि ती तशी होतीही. पण शिक्षा म्हणून गड सोडावा लागला, तर जायला दुसरी ठिकाणे पुष्कळ होती. ठाणे घाटमाथ्याजवळच्या सपाटीवर, वाटेलगतच्या बाजारात टिकले आणि वाढले, याचे कारण बंडात सापडत नाही. तटबंदीच्या जोरावर मिळणारे उत्पन्न आटत होते आणि वाहतुकीच्या जोरावर मिळणारे वाढणार होते, हे त्याचे कारण. गडकऱ्याची जमीन मुलकी हिशेबात ओढणारा कारभार आणि गडापेक्षा रस्त्याला मान देणारा कारभार हा एकच होता.

अशा कारभाराचा नमुना आधी घडला तो भीमेच्या खोऱ्यात, आणि नव्या गाडीचे मूळही तिथेच सापडते. १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन मोजणीची व सारा आकारणीची नवी पद्धत बसवली. सारा रोख भरायचा, ठराविक मुदतीत भरायचा, आणि तोही प्रत्येक खातेदाराने स्वतःच्या नावावर. रोख हवी म्हणजे पीक विकायला हवे आणि विकायचे म्हणजे बाजारापर्यंत न्यायला हवे. त्या भागातल्या जुन्या गाड्या ओबडधोबड होत्या. भरीव चाकांची ती धुडे बैलांचे अर्धे बळ स्वतःलाच ओढून घेत. गोल्डस्मिड यांच्या पुढाकाराने आणि तोफखान्यातल्या लेफ्टनंट गेसफर्ड यांच्या देखरेखीखाली सोलापूरकडच्या टेंभुर्णीत हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या आणि लोखंडी धाव चढवलेल्या गाड्या तयार होऊ लागल्या. मोजणीदार आणि गाडी बनवणारे एकाच वेळी, एकाच मुलखात, एकमेकांच्या सल्ल्याने काम करत होते. कुळकथेच्या दृष्टीने मला ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. जिला आपण शेतकऱ्याची गाडी म्हणतो, तिचा आराखडा सारावसुलीच्या गरजेतून पुढे आला.

यावर पहिला आक्षेप पुराणवस्तूंचा येईल. मोहेंजोदडोला मातीच्या खेळण्यातल्या गाड्या सापडल्या. आपल्याच नगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली ब्राँझच्या ज्या मूर्ती मिळाल्या, त्यांत दोन बैल जुंपलेला रथ आहे. मग गाडी एकोणिसाव्या शतकाची कशी? आक्षेप खरा आहे, पण तो चाकाच्या वयाबद्दलचा आहे. देशावरच्या सपाटीत शेतातून खळ्यापर्यंत गाडा जात होता, तोफेचा गाडा तर मोहिमेवर नेत असत. त्यातला एकही गाडा मीठ भरून सह्याद्री चढत नव्हता. बोरघाटात गाडी जाईल असा रस्ता झाला तो १८३० साली, गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत. फोंडा, कुंभार्ली, आंबा हे दक्षिणेकडचे घाट गाडीजोगे होण्याचे काम त्यानंतर, शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू राहिले. वस्तू जुनी असते आणि तिचा उपयोग नवा. समाज बदलतो तो उपयोगाने. ज्या घाटाला गाडीरस्ता मिळाला नाही, त्याची अवस्था पाहिली की हे पटते. राजापूरचे बंदर एके काळी इंग्रजांची वखार असलेले, आणि अणुस्कुऱ्याची वाट त्याला थेट घाटावर जोडणारी. पण ती वाट बैलाच्या खुरापुरतीच राहिली, तिकडे खाडीही गाळाने भरत गेली, आणि वर-खाली जाणारा माल आंबा आणि फोंड्याकडे वळला.

गाडीने मालाचे प्रमाण वाढवले हे तर उघड आहे. बैलजोडी जुंपलेली गाडी दोन बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांच्या कित्येक पट ओझे नेते. त्याहून खोल बदल असा, की स्वस्त आणि अवजड वस्तू विकण्याजोग्या झाल्या. शाहूवाडी-विशाळगडच्या रानातला हिरडा घ्या. कातडी कमावण्यासाठी त्याला परदेशात मागणी होती, पण पाठीवरून बंदरापर्यंत नेण्याचा खर्च निघण्याइतका भाव त्याला नसे. गाडी आली आणि झाडाखाली पडणारे फळ मक्त्याचा विषय झाले. मक्ता आला म्हणजे रानावर पहारा आला, आणि काल सहज गोळा करणारा धनगर किंवा कुणबी आज मजुरीवर गोळा करू लागला. गुळाचेही तसेच. घरच्या आणि गावच्या गोडीपुरता लावलेला ऊस बाजारासाठी लावायचा, तर ढेपा नेणारी गाडी आधी लागते.

गावाच्या आतही गाडीने एक गाठ सैल केली. सुतार आणि लोहार हे बलुतेदार. नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करायचे आणि सुगीला खळ्यावर पेंढ्या घ्यायच्या, ही त्यांची रीत. गाडी या रीतीत बसेना. तुंबा, आरे, आख आणि साटा यांसाठी निवडक लाकूड विकत घ्यावे लागे. धावेचे लोखंड बाहेरून येई, ते तापवून चाकावर चढवायला सुतार आणि लोहार दोघांची एकत्र मेहनत लागे. त्यामुळे नव्या गाडीची किंमत रोख ठरू लागली. गावचा सुतार बलुत्यात औतांची डागडुजी करीत राहिला, पण त्याचे कसब बाजाररस्त्यावरच्या पेठेत पैशात मोजले जाऊ लागले. शेतकऱ्याकडे गाडीपुरती रोख नसे, ती सावकाराकडून येई. गाडी घेण्यासाठी काढलेले कर्ज फेडायचे म्हणून सुगी संपल्यावर तो भाड्याने घाट करू लागला. या कर्जाने किती बैलजोड्या सावकाराच्या दावणीला गेल्या असतील, हा प्रश्न मला बलुतेदारीच्या ऱ्हासावरच्या चर्चेत फार कमी वेळा विचारलेला दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रस्ते झाले, जकाती उठल्या, माल स्वस्त झाला, मग रयतेचे भलेच झाले ना? मुंबई इलाख्यातल्या अंतर्गत जकाती १८३८मध्ये उठल्या, हे खरे. नाक्यानाक्यावर होणारी अडवणूक ज्यांनी सोसली, त्यांना तो मोठाच दिलासा होता. मात्र त्याच सुमारास मिठावर मणाला आठ आण्यांचा कर बसला आणि तो वाढत वाढत १८७८ साली अडीच रुपयांवर गेला. रस्त्यावरची जकात श्रीमंत मालालाही लागत होती. मिठावरचा कर गरिबाच्या भाकरीबरोबर वसूल झाला. शिवाय इलाख्याचा नियम संस्थानी हद्दीत आपोआप लागू होत नव्हता, त्यामुळे कोकणातून आंबा घाटाने वर येणाऱ्या मिठाला नव्या कराबरोबर जुन्या नाक्यांचेही देणे होते. घाटरस्ता व्यापाऱ्याला जितका फळला, तितका मीठ विकत घेणाऱ्या शेतमजुराला फळला असे मला म्हणता येत नाही.

आणि तांड्यांचे काय झाले? गाडीरस्त्यावर त्यांचा वेग, त्यांचा स्वस्त चारा आणि त्यांची वाटांची माहिती या तिन्हींची किंमत उतरली. पडीक रान मोजणीत खातेदाराच्या नावावर चढले किंवा राखीव जंगल झाले, तेव्हा शेकडो बैल फुकट चारण्याची जागा गेली. पिढ्यान्‌पिढ्या राज्यांना धान्य पुरवणारे लोक काही दशकांत बिनकामाचे भटके ठरले. १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे विस्तारत गेला तेव्हा देशाच्या अनेक भागांत त्यांच्या नावापुढे तोही शिक्का लागला. त्यांची चूक एवढीच, की त्यांचे भांडवल जिवंत आणि चालते होते, आणि नव्या हिशेबात मान होता तो एका जागी नोंदल्या जाणाऱ्या मालमत्तेला.

हे सारे आगगाडीच्या नावावर मांडले जाते, हा तिसरा आणि सर्वांत रूढ आक्षेप. कोल्हापूरला आगगाडी पोहोचली १८९१ साली, मिरजेहून. तोवर मलकापूरचे ठाणे गडावरून खाली येऊन जवळपास अर्धे शतक लोटले होते. आगगाडीने बैलगाडी हटवलीही नाही. स्टेशनपर्यंत माल आणायला तिची गरज वाढलीच. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची गूळपेठ वसवली ती स्टेशनच्या परिसरात, आणि तिथे लागणाऱ्या गाड्यांच्या रांगा गावोगावच्या गुऱ्हाळांवरून येत. आगगाडीने बदलली ती दिशा. जो माल आंबा घाटाने रत्नागिरीच्या किनाऱ्याकडे उतरत होता, त्यातला मोठा भाग आता मिरजेमार्गे पुण्या-मुंबईला जाऊ लागला. मलकापूर व्यापारी पेठ म्हणून वाढता वाढता लहानच का राहिले, याचे उत्तर मला या वळणात दिसते. त्याला मोठे करणारी गाडी तशीच चालू होती, फक्त तिचे तोंड पूर्वेकडे झाले होते.

चाकाने माणसाच्या डोक्यावरचे ओझे उतरवले, असा समजही थोडा आवरायला हवा. रस्ता झाला तरी अंमलदाराचे सामान पोहोचवायला महारांना वेठीला धरणे चालूच राहिले, कारण ती बळजोरी वाहनाच्या अभावातून आलेली नव्हती, वतनाच्या बंधनातून आलेली होती. ते बंधन तोडायला शाहू महाराजांना १९१८ साली महार वतने खालसा करावी लागली. तंत्र बदलले म्हणून जातीचे नाते बदलत नाही, हे त्या पाऊणशे वर्षांनी दाखवून दिले आहे. आजही कोल्हापूरच्या साखर पट्ट्यात हंगामात बैलगाड्या दिसतात. त्यांना रबरी टायर असतात, पुष्कळदा गाडी कारखान्याने भाड्याने दिलेली असते, बैल मात्र ऊसतोड मजुराचे. मराठवाड्यातून उचल घेऊन येणाऱ्या या टोळ्यांत बंजारा तांड्यांवरची कुटुंबे पुष्कळ असतात. ज्यांचे बैल एके काळी स्वतःच्या मर्जीने घाट करत होते, त्यांचेच वंशज आता दुसऱ्याच्या गाडीला, दुसऱ्याने ठरवलेल्या दराने बैल जुंपतात, आणि उचल फिटेपर्यंत गाडी सोडत नाहीत.