अद्ययावत स्थापना तबकडी

अद्ययावत स्थापना तबकडी : प्रचालन प्रणाली, म्हणजे व्यवहारात जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती संगणकाची मूलभूत आज्ञावली, संगणकावर प्रथम बसविण्यासाठी जी तबकडी वापरतात तिला स्थापना तबकडी म्हणतात. मूळ तबकडी प्रसिद्ध झाल्यानंतर निघालेल्या दुरुस्त्या, नवे ड्रायव्हर आणि स्थापनेच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची ठरावीक उत्तरे तीत आधीच समाविष्ट करून जी नवी तबकडी तयार करतात, ती अद्ययावत स्थापना तबकडी होय. या कृतीस संगणकव्यवसायात स्लिपस्ट्रीमिंग ही संज्ञा रूढ आहे. विमानाच्या पंख्यामागून वाहणाऱ्या हवेच्या झोतास इंग्रजीत हे नाव आहे. कारखान्यात उमटविलेली तबकडी पुन्हा बदलता येत नाही. आज्ञावलीत मात्र दोष सापडत राहतात आणि तिच्या दुरुस्त्या निघत राहतात. परिणामी तबकडी जितकी जुनी, तितकी तिच्यावरून बसविलेली प्रणाली सदोष ठरते. हे अंतर भरून काढणे हा या तबकडीचा हेतू असतो.

प्रश्न तबकड्यांपेक्षा जुना आहे. १९४४ साली कार्यान्वित झालेल्या हार्व्हर्ड मार्क-१ या यंत्राच्या छिद्रित कागदी फितींवर चुकीची छिद्रे बुजविण्यासाठी कागदाचे तुकडे चिकटवीत. दुरुस्तीस आजही ‘पॅच’ म्हणतात तो शब्द अशा वेळी अगदी अक्षरार्थाने लागू पडतो. मराठीत त्यास थिगळ म्हणणे वावगे ठरणार नाही. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये घोषित केलेल्या सिस्टिम/३६० या संगणकमालेसाठी ओएस/३६० ही प्रणाली चुंबकीय फितींवर दिली जाई. परंतु ती तशीच्या तशी चालविता येत नसे. प्रत्येक केंद्रातील तंत्रज्ञ आपल्या यंत्राचे भाग आणि हवे असलेले पर्याय नोंदवून त्यांवरून स्वतःपुरती प्रणाली जुळवीत असे. ‘सिसजेन’ या नावाने ओळखली जाणारी ही क्रिया दोन टप्प्यांत होई : पहिल्या टप्प्यात नोंदींवरून कामांची एक मालिका तयार होई आणि दुसऱ्यात ती चालवून प्रणाली प्रत्यक्ष बांधली जाई. पुढे निघणाऱ्या तात्पुरत्या दुरुस्त्या त्या बांधणीत मिळविणे हे या तंत्रज्ञांचे नित्याचे काम होते. स्वतःसाठी बांधलेली व दुरुस्त केलेली प्रणाली ही कल्पना अशा रीतीने मोठ्या संगणकांच्या काळीच रूढ झाली होती. वैयक्तिक संगणकांच्या आगमनानंतर तयार, सर्वांस सारखीच प्रत विकली जाऊ लागली आणि ही कल्पना काही काळ मागे पडली.

तिला पुन्हा चालना मिळाली ती मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज प्रणालींमुळे. विंडोज एनटी ४·० या प्रणालीसाठी (१९९६) दुरुस्त्यांचे एकत्रित संच सर्व्हिस पॅक या नावाने निघत. हा संच बसविल्यानंतर मूळ सीडीवरून प्रणालीचा एखादा नवा घटक घेतला, तर त्याबरोबर जुन्या धारिका परत येत आणि संच पुन्हा बसवावा लागे. ज्या कार्यालयात शेकडो संगणक होते तेथे हा त्रास किती असेल, याची कल्पना करता येते. २००० साली आलेल्या विंडोज २००० या प्रणालीत यावर अधिकृत उपाय योजण्यात आला. सर्व्हिस पॅक चालविताना विशिष्ट आज्ञा दिल्यास तो चालू प्रणालीवर न बसता सीडीच्या प्रतीतील मूळ धारिकांची जागा घेई. त्या प्रतीवरून बसविलेली प्रणाली पहिल्या क्षणापासून दुरुस्त असे.

ही सोय तोवर मुख्यतः मोठ्या संस्थांच्या उपयोगाची मानली जात होती. २००३–०४ मध्ये ती सामान्य वापरणाऱ्यांचीही निकड बनली. विंडोज एक्सपी ही प्रणाली २५ ऑक्टोबर २००१ रोजी विक्रीस आली. तीत इंटरनेटवरील अनाहूत संपर्क रोखणारी भिंत होती, पण ती आपोआप चालू होत नसे. प्रणालीच्या दूरस्थ आवाहन सेवेतील एका दोषावर कंपनीने १६ जुलै २००३ रोजी दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्याच दोषाचा फायदा घेणारा ब्लास्टर हा संगणकीय कृमी ११ ऑगस्ट रोजी आढळून आला. वापरणाऱ्याने काहीही न उघडता, केवळ संगणक इंटरनेटला जोडलेला असल्यामुळे तो शिरकाव करी. पुष्कळदा सेवा कोसळून साठ सेकंदांत संगणक बंद होत असल्याची सूचना पडद्यावर झळके. शिवाय विंडोजच्या दुरुस्त्या जेथून मिळत त्याच संकेतस्थळाच्या एका पत्त्यावर १६ ऑगस्टपासून हल्ला करण्याची योजना त्यात होती. एप्रिल २००४ च्या अखेरीस आलेला सॅसर हा कृमीही याच प्रकारचा असून त्याच्यावरील दुरुस्ती १३ एप्रिलला निघालेली होती.

दोन्ही प्रसंगी दुरुस्ती आधी उपलब्ध होती, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. अडचण होती ती जुन्या सीडीवरून नव्याने बसविलेल्या संगणकाची. दुरुस्ती मिळविण्यासाठी त्यास इंटरनेटला जोडणे भाग होते आणि जोडताच तो दुरुस्तीविना हल्ल्यासमोर उघडा पडे. अमेरिकेतील सॅन्स संस्थेच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरने २००४ मध्ये असा असंरक्षित संगणक सरासरी सु. २० मिनिटे टिकतो असे नोंदविले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकचा पूर्ण संच सु. २६६ मेगाबाइट आकाराचा होता. दूरध्वनीच्या तारेवरून ५६ किलोबिट प्रतिसेकंद या कमाल वेगाने तो उतरवून घेण्यास ११ तासांहून अधिक वेळ लागला असता. भारतात त्या काळी घरोघरची जोडणी बहुतांशी याच प्रकारची होती. अकरा तासांचे काम वीस मिनिटांत उरकणे अशक्य, म्हणून दुरुस्ती तबकडीतच असणे हाच खात्रीचा मार्ग उरला. संरक्षक भिंत आपोआप चालू ठेवण्याची तरतूदही या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासूनच झाली.

अशी तबकडी तयार करण्याची रीत पुढीलप्रमाणे होती. मूळ सीडीतील सर्व मजकूर हार्ड डिस्कवरील एका फोल्डरात उतरवून घेत. त्यातील ‘आय३८६’ या फोल्डरात प्रणालीच्या बहुतेक धारिका दाबून लहान केलेल्या स्वरूपात असत. सर्व्हिस पॅक ‘इंटिग्रेट’ या आज्ञेसह चालविला की तो या धारिका बदलून नव्या ठेवी आणि स्थापनेच्या याद्याही सुधारी. सर्व्हिस पॅकनंतर निघालेल्या सुट्या दुरुस्त्या निराळ्या मिळवाव्या लागत. त्यांपैकी काही थेट धारिकांत सामावत, तर काही एका उपफोल्डरात ठेवून स्थापनेच्या अखेरच्या टप्प्यात आपोआप चालविल्या जात. संगणकाचे नाव, कालविभाग, भाषा इ. प्रश्नांची उत्तरे एका साध्या मजकूर-धारिकेत लिहून ठेवल्यास स्थापना चालू असताना कोणी समोर बसून राहण्याची गरज नसे. २००४ नंतरच्या अनेक संगणकांत साटा प्रकारच्या हार्ड डिस्क होत्या आणि एक्सपीची मूळ सीडी त्या ओळखत नसे. त्यांचा ड्रायव्हर एरवी फ्लॉपीवरून द्यावा लागे. फ्लॉपीचा खाचाच नसलेल्या संगणकांसाठी तो तबकडीत घालणे एवढ्या एका कारणासाठीही अनेकांनी ही खटपट केली.

सर्वांत नाजूक भाग अखेरचा. फोल्डरातील धारिका नव्या सीडीवर नुसत्या उतरविल्या, तर तबकडी वाचता येते, पण तिच्यावरून संगणक सुरू होत नाही. तबकडीवरून सुरुवात करण्याचा संकेत आयबीएम व फीनिक्स या कंपन्यांनी १९९५ मध्ये ‘एल टोरिटो’ या नावाने ठरविला. त्यानुसार आरंभक आज्ञावली ही सामान्य धारिकांच्या यादीबाहेर ठेवलेली असते. एक्सपीच्या सीडीत तिचा आकार अवघा २,०४८ बाइट होता. ती मूळ सीडीतून वेगळी काढून नव्या प्रतिमेत योग्य जागी बसवावी लागे. येथे चूक झाली म्हणजे तबकडी वाया जाई, व पुनर्लेखन न होणारी सीडी असली तर खर्चही. अनुभवी लोक म्हणूनच प्रतिमा आधी आभासी यंत्रावर चालवून पाहत.

दिनो नुहागिच यांनी तयार केलेल्या एनलाइट या मोफत आज्ञावलीने ही सर्व कृती खिडक्यांतील बटणांवर आणून ठेवली. तीत आणखी एक सोय होती : नको असलेले घटक मूळ प्रतीतूनच काढून टाकणे. यामुळे प्रणाली लहान व चपळ होई. मात्र काढलेल्या घटकावर दुसरे काय अवलंबून आहे हे नेहमीच ठाऊक नसल्याने पुढे एखादी दुरुस्ती बसेनाशी होई. याची झळ मराठी वापरणाऱ्यांस विशेष लागण्यासारखी होती. एक्सपीमध्ये देवनागरीसारख्या जोडाक्षरयुक्त लिप्यांचा आधार आपोआप बसत नसे; नियंत्रण-पटलात खूण करून मूळ सीडीतील धारिका मागवाव्या लागत. त्या ‘अनावश्यक भाषा’ म्हणून गाळलेल्या तबकडीवरून बसविलेल्या संगणकावर मराठी मजकूर नीट दिसण्याचा मार्गच बंद होई. उलट उत्तर-धारिकेत भारतीय भाषागट नोंदविलेला असेल, तर पहिल्या दिवसापासून मराठी वाचता-लिहिता येई. वापरणाऱ्याचे हित तबकडी तयार करणाराच्या जाणतेपणावर किती अवलंबून असते, हे या लहानशा उदाहरणावरून दिसते.

विश्वासाचा प्रश्नही येथेच उद्भवतो. स्वतःच्या परवान्याच्या प्रतीत दुरुस्त्या मिळविणे आणि तशी तयार प्रत इतरांस वाटणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट परवान्याच्या बाहेरची आहे. शिवाय अनोळखी व्यक्तीने बदललेल्या प्रतीत काय घातले आहे हे घेणाऱ्यास कळत नाही. केवळ दुरुस्त्यांचे संच वाटणाऱ्या ऑटोपॅचर या उपक्रमासही मायक्रोसॉफ्टच्या सूचनेवरून ऑगस्ट २००७ मध्ये वितरण थांबवावे लागले. तबकडीतील दुरुस्त्यांनाही मुदत असते, हे वेगळेच. एक्सपीचा तिसरा व अखेरचा सर्व्हिस पॅक एप्रिल २००८ चा. कॉनफिकर कृमीने ज्या दोषाचा उपयोग केला त्यावरील दुरुस्ती मात्र २३ ऑक्टोबर २००८ ची. केवळ तिसरा सर्व्हिस पॅक असलेली तबकडी त्यापुढे निरुपयोगी होती.

मुक्त प्रणालींच्या जगात बदललेली प्रत वाटण्यास परवान्याचीच अनुमती असल्याने तेथे हा मार्ग अधिक मोकळा राहिला. डेबियन प्रकल्प आपल्या स्थिर आवृत्तीच्या तबकड्या ठराविक काळाने दुरुस्त्यांसह पुन्हा बांधतो. भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) डेबियनवरूनच भारतीय भाषांचा आधार असलेली बॉस ही प्रणाली बांधली. डेबियनची २००८ मधील एक घटना या संदर्भात उल्लेखनीय आहे. तिच्या ओपनएसएसएल या आज्ञावलीत २००६ मध्ये केलेल्या एका बदलामुळे कूटकिल्ल्या पुरेशा यादृच्छिक राहिल्या नव्हत्या. एका प्रकारच्या व लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६७ शक्यता उरल्या होत्या. १३ मे २००८ रोजी हे जाहीर झाले. किल्ली स्थापनेच्या वेळीच तयार होत असल्याने जुन्या तबकडीवरून बसविलेला संगणक जन्मतःच दुबळी किल्ली घेऊन येई. अशा वेळी नुसती सदोष धारिका बदलून भागत नाही, किल्लीही नव्याने तयार करावी लागते.

विंडोज व्हिस्टापासून (२००७) स्थापनेचे तंत्र बदलले. सुट्या धारिकांऐवजी बसविलेल्या प्रणालीची एक संपूर्ण प्रतिमा तबकडीत येऊ लागली. व्हिस्टाचा पहिला सर्व्हिस पॅक या प्रतिमेत बाहेरून मिळविता येत नसे. तो एका नमुना संगणकावर बसवून त्या संगणकाची नवी प्रतिमा घ्यावी लागे. विंडोज ७ बरोबर (२००९) आलेल्या डिझम या साधनाने प्रतिमा उघडून तीत दुरुस्त्या घालण्याची सोय झाली. विंडोज ७ चा एकमेव सर्व्हिस पॅक २०११ चा असल्याने पुढे दुरुस्त्यांचा मोठा ढीग साचला. तो कमी करण्यासाठी २०१६ मध्ये एक एकत्रित संच निघाला व तोही प्रतिमेत मिळविता येई. मात्र त्याआधी दुरुस्ती-यंत्रणेचीच एक दुरुस्ती बसवावी लागे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज ७ व ८·१ च्या दुरुस्त्याही दरमहा एकत्रित स्वरूपात निघू लागल्या. विंडोज १० साठी (२०१५) कंपनीचे साधनच बऱ्याच अंशी ताजी प्रत तयार करून देई, त्यामुळे घरगुती वापरणाऱ्यांची गरज ओसरली. संस्थांतून ती टिकून आहे. तबकडीची जागा यूएसबी स्मृतिकांडीने घेतली, तरी जुन्यासारखीच एक अडचण नव्या रूपात आली : कांडीवरील फॅट-३२ मांडणीत ४ गिगाबाइटहून मोठी धारिका मावत नाही आणि दुरुस्त्यांनी फुगलेली प्रतिमा ही मर्यादा सहज ओलांडते, म्हणून तिचे तुकडे करावे लागतात.

आरंभक आज्ञावली, जिच्याकडे पूर्वी केवळ योग्य जागी बसविण्यापुरते लक्ष दिले जाई, ती आता स्वतःच दुरुस्तीचा विषय झाली आहे. सुरक्षित आरंभाची पडताळणी चुकविणाऱ्या ब्लॅकलोटस या घातक आज्ञावलीनंतर मायक्रोसॉफ्टने ९ मे २०२३ पासून जुन्या आरंभक धारिकांवरील विश्वास टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची व्यवस्था केली. ही रद्दी ज्या संगणकावर लागू केली जाते, त्यावर पूर्वी तयार केलेली स्थापना तबकडी वा कांडी, तिच्यातील आरंभक धारिका बदलल्याखेरीज, सुरूच होत नाही.