क्लिअरिंग हाउस

क्लिअरिंग हाउस : मुंबईतील कवी-कलावंतांनी चालवलेली छोटी प्रकाशनसंस्था (१९७६–८४). आदिल जस्सावाला, अरुण कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल हे तिचे चार संस्थापक. पटेल पेशाने डॉक्टर, शिवाय चित्रकार व नाटककार; कोलटकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि जाहिरातक्षेत्रात नाव असलेले ग्राफिक कलावंत. संस्थेचे नाव बँकांच्या व्यवहारातले, धनादेश वटवण्याच्या जागेचे. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, चौघांचे एकेक पुस्तक निघाले : जस्सावालांचे ‘मिसिंग पर्सन’, कोलटकरांचे ‘जेजुरी’, मेहरोत्रांचे ‘नाइन एन्क्लोजर्स’ आणि पटेलांचे ‘हाउ डू यू विथस्टँड, बॉडी’. पुढे दिलीप चित्रे (‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’) आणि कटकचे जयंत महापात्र (‘द फॉल्स स्टार्ट’) यांचे संग्रह १९८० मध्ये, मेहरोत्रांचा दुसरा संग्रह १९८२ मध्ये आणि एच. ओ. नाझरेथ यांचा ‘लोबो’ १९८४ मध्ये आला. एकूण पुस्तके आठ.

इंग्रजीत लिहिणाऱ्या कवींना प्रकाशक मिळेना म्हणून ही संस्था निघाली, असे सहसा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. कलकत्त्याला पी. लाल यांचे ‘रायटर्स वर्कशॉप’ १९५८ पासून चालू होते आणि जस्सावालांचा पहिला संग्रह तिथूनच १९६२ मध्ये निघाला होता. पटेलांचे पहिले पुस्तक १९६६ मध्ये निस्सीम इझिकेल यांनी काढले होते. क्लिअरिंग हाउस सुरू झाले त्याच वर्षी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनेही भारतीय इंग्रजी कवितेची मालिका सुरू केली. इझिकेल, रामानुजन, दारूवाला तिच्यातून आले. दारे थोडी होती, पण अगदीच बंद नव्हती. मग स्वतःचे दुकान थाटायचे कशाला? उत्तर पुस्तके हातात घेतल्यावर मिळते. या चौघांना कविता नुसती छापून यायला नको होती. अक्षर, समास, कोरी जागा आणि मुखपृष्ठ हा कवितेचाच भाग धरून त्यावर आपला हात हवा होता.

‘जेजुरी’ १९७४ मध्ये ‘ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली’त आधीच छापून आली होती, म्हणजे वाचक मिळणे हा काही प्रश्न उरला नव्हता. तिच्या शेवटाकडची, गाव आणि रेल्वे स्टेशन यांच्या अधल्यामधल्या वाटेवरची कविता पाहावी. ज्वारीच्या शेतात डझनभर कोंबडे-कोंबड्या उड्या मारत आहेत, आणि ‘वर’-‘खाली’ या अर्थाचे इंग्रजी शब्द ओळीची शिस्त सोडून पानभर उधळले आहेत. नाच वर्णनात नाही, मांडणीत आहे. कंपोझिटरने सवयीने त्या ओळी डाव्या समासाला सरळ लावल्या असत्या तर कविता तिथेच संपली असती. जाहिरातीत वर्षानुवर्षे अक्षरांशी खेळलेला माणूस घरातच असल्यामुळे असे पान कुणाला समजावून सांगावे लागले नाही. संस्थेच्या पुस्तकांची मुखपृष्ठेही कोलटकरांचीच.

चौघांनी मिळून आधी आपापलीच पुस्तके काढली, तेव्हा हा कंपूचा कारभार होता, असा आक्षेप घेता येतो. पहिल्या चारांपुरता तो मान्यच करावा लागेल. पण कंपूने आपली भलावण केली एवढ्यावर ‘जेजुरी’ला १९७७ चे राष्ट्रकुल कविता पारितोषिक मिळाले नसते, आणि महापात्रांसारखा मुंबईच्या वर्तुळाबाहेरचा कवीही यादीत आला नसता. खरी उणीव दुसरीकडे आहे आणि तिचा उल्लेख क्वचित होतो : आठांपैकी एकही पुस्तक कवयित्रीचे नाही. युनिस डिसूझा यांचा ‘फिक्स’ (१९७९) हा त्या दशकातला अत्यंत धारदार संग्रह मुंबईतूनच निघाला, पण ‘न्यूग्राउंड’ या तरुण कवींच्या संस्थेकडून. न्यूग्राउंडचा कित्ता क्लिअरिंग हाउसचाच होता, हे मात्र सांगायला हवे.

संस्था इंग्रजी पुस्तकांची, मग मराठी कोशात तिची नोंद कशाला, हा आक्षेप वरवरचा आहे. कवींनी स्वतःच छापायचे ही रीत कोलटकर आणि चित्रे यांनी इंग्रजीकडून उचललेली नव्हती. पन्नाशीच्या दशकातल्या ‘शब्द’ या अनियतकालिकात दोघेही होते. अशोक शहाणे यांचे ‘असो’ १९६३ चे. मेहरोत्रांनी अलाहाबादेत १९६५ मध्ये ‘डॅम यू’ हे सायक्लोस्टाइल केलेले नियतकालिक काढले होते, तेव्हा दोन प्रवाह मुंबईत येऊन मिळाले म्हणणे अधिक नेमके. शिवाय ‘जेजुरी’पाठोपाठ, १९७७ मध्ये, शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढली. एकच कवी, एकच शहर, वर्षभराचे अंतर आणि दोन भाषांतली दोन छोटी बिऱ्हाडे. मराठी लघुअनियतकालिकांचा इतिहास सांगताना इंग्रजी बिऱ्हाड वगळले तर कोलटकर अर्धेच राहतात.

आठ-नऊ वर्षांत आठ पुस्तके काढून संस्था थांबली, याला अपयश म्हणणाऱ्याने तिला व्यापारी प्रकाशनाच्या मापाने मोजलेले असते. माणसे आपापले उद्योग सांभाळून हे करत होती. पगारी नोकर, गोदाम, दरवर्षी ठरावीक पुस्तके काढण्याची सक्ती, यांतले काही त्यांना नको होते. नव्या कवींना यामुळे दार मोठे मिळाले नाही, हा तोटा खराच. पण कोलटकरांनी पुढेही हाच रस्ता धरला. ‘जेजुरी’च्या नंतरच्या आवृत्त्या प्रासने काढल्या, ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्पसत्र’ २००४ मध्ये तिथूनच आली. त्याच वर्षी सप्टेंबरात कोलटकर पुण्यात वारले. ‘जेजुरी’ची न्यूयॉर्कची आवृत्ती २००५ मध्ये निघाली.