सुई कोणाच्या हाती? शाळेच्या वेळापत्रकातील इन्सुलिनचा इतिहास (थ्रेड)

१/१२
११ जानेवारी १९२२. टोरंटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई टोचली गेली. बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड आणि कॉलिप यांच्या शोधाची ही कथा अनेकांना ठाऊक असते. पण मरणाच्या दारातून परतलेले मूल शाळेत जाऊ लागले, तेव्हा दुपारची सुई त्याला कोणी द्यायची? हा साधा प्रश्न नव्वद वर्षांनी एका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हा त्या प्रश्नाचा इतिहास.

२/१२
टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. हा आजार बहुधा बालपणी किंवा किशोरवयात गाठतो. इन्सुलिनच्या शोधापूर्वी अशा मुलांचे आयुष्य सहसा महिन्यांत किंवा थोड्याच वर्षांत मोजले जाई. अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक ॲलन यांचा उपाय होता कडक उपासमारीचा. त्याने मरण लांबणीवर पडे, पण मूल अक्षरशः हाडांचा सापळा होई.

३/१२
एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. १९१९ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तिला मधुमेह झाला. ॲलन यांच्या पथ्यावर तिने तीन वर्षे काढली. ऑगस्ट १९२२ मध्ये ती बँटिंग यांच्याकडे टोरंटोला आली, तेव्हा पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरील या मुलीचे वजन होते सुमारे २० किलो. इन्सुलिन सुरू झाले आणि काही आठवड्यांतच तिचा कायापालट झाला. तिने पुढे शिक्षण पूर्ण केले आणि १९२९ मध्ये बर्नार्ड महाविद्यालयाची पदवी घेतली.

४/१२
मात्र आपला आजार तिने जवळपास जन्मभर लपविला. इतिहासकार मायकेल ब्लिस यांनी १९८० मध्ये तिला शोधून काढले, तोवर जिवलग परिचितांपैकीही फार थोड्यांना तो ठाऊक होता. १९८१ मध्ये तिचे निधन झाले. तोवर तिने सुमारे ४२,००० वेळा सुई टोचून घेतली होती. औषधाने प्राण वाचले, तरी चारचौघांत ते घेण्याचा संकोच उरलाच. इतिहासात या संकोचाची नोंद क्वचितच सापडते.

५/१२
शाळेचा दिवस या मुलांना अवघड का जातो? निरोगी शरीर दर क्षणी गरजेपुरते इन्सुलिन सोडते. टोचलेले इन्सुलिन मात्र आपल्याच गतीने काम करते. डबा उशिरा खाल्ला, अर्धा टाकला किंवा खेळाच्या तासाला जास्त धावपळ झाली, तर रक्तातील साखर घसरते. मूल घामाघूम होते, थरथरते, चिडते, असंबद्ध बोलू लागते. वेळीच साखर मिळाली नाही, तर ते बेशुद्धही पडू शकते. माहिती नसलेल्या शिक्षकाला हा खोडकरपणा किंवा आळस वाटण्याची शक्यता असते.

६/१२
त्यातच साखर मोजण्याचे साधन शाळेच्या कामाचे नव्हते. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून ते उकळायचे. द्रावण हिरवे, पिवळे, नारिंगी वा विटकरी झाले की साखरेचा अंदाज बांधायचा. तोही त्या क्षणाचा नव्हे, आधीच्या काही तासांचा. वर्गात बसलेल्या मुलाला ‘आत्ता’ साखर किती, हे कळण्याचा मार्गच नव्हता.

७/१२
१९३६ मध्ये डेन्मार्कच्या हान्स क्रिश्चन हागेडॉर्न यांनी ट्राउट माशापासून मिळणारे प्रोटामिन हे प्रथिन इन्सुलिनशी जोडले. त्यामुळे इन्सुलिन सावकाश शोषले जाऊ लागले. त्याच वर्षी कॅनडातील संशोधकांनी जस्ताची भर घालून त्याचा परिणाम दिवसभर टिकविला. आता सकाळी घरी एकदाच सुई घेऊन शाळेत जाणे अनेकांना शक्य झाले. दुपारच्या सुईचा प्रश्न जणू शाळेच्या फाटकाबाहेरच राहिला.

८/१२
या सोयीची किंमत होती. सकाळी घेतलेले इन्सुलिन परत काढून घेता येत नाही. त्यामुळे मुलाच्या भुकेने नव्हे, तर इन्सुलिनच्या वेळापत्रकाने जेवणाची वेळ आणि घासांचे माप ठरू लागले. शाळेची सोय झाली, साखरेचे नियंत्रण मात्र ढोबळच राहिले. वर्षानुवर्षे वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू हळूहळू पोखरत असते. पण याला कडक नियंत्रणाने खरोखर आळा बसतो का, यावर डॉक्टरांत दीर्घकाळ मतभेद होते.

९/१२
१९७० च्या दशकाच्या अखेरीस बोटाच्या टोकावरील रक्ताच्या थेंबातून घरीच साखर मोजता येऊ लागली. मग १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीने वाद मिटविला. दिवसातून तीन किंवा अधिक सुया अथवा पंप आणि वारंवार तपासणी, अशा उपचाराने डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांपर्यंत घटला. साखर धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिपटीने वाढले. म्हणजे दुपारची सुई शाळेत परतली आणि तिच्यासोबत जागरूक प्रौढ माणसाची गरजही वाढली.

१०/१२
पण हे काम करणार कोण? कॅलिफोर्नियात मधुमेही मुलांचे पालक २००५ मध्ये न्यायालयात गेले. २००७ च्या तडजोडीनंतर राज्याच्या शिक्षण विभागाने म्हटले की, परिचारिका उपलब्ध नसेल तर प्रशिक्षित शाळा कर्मचारी इन्सुलिन देऊ शकतात. परिचारिकांच्या संघटनेने त्यास आव्हान दिले. इन्सुलिनची मात्रा चुकली तर जीव जाऊ शकतो, म्हणून हे काम परवानाधारकांचेच, हा त्यांचा युक्तिवाद निराधार नव्हता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी तो मान्य केला.

११/१२
दुसऱ्या बाजूचे वास्तवही तितकेच कठोर होते. राज्याच्या केवळ ५ टक्के शाळांत पूर्णवेळ परिचारिका होती आणि २६ टक्के शाळांत एकही नव्हती. घरी तर परवाना नसलेले आईवडीलच रोज सुई देत होते. १२ ऑगस्ट २०१३ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला : डॉक्टरांची लेखी सूचना आणि पालकांची संमती असेल, तर प्रशिक्षित कर्मचाऱ्याने इन्सुलिन देण्यास कायद्याची आडकाठी नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्येही आजारी विद्यार्थ्यांना आधार देण्याची व्यवस्था करणे, हे शाळांचे कायदेशीर कर्तव्य ठरले.

१२/१२
भारतात सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप १ मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळे व पाणी जवळ ठेवण्याची मुभा दिली. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना कळविले की, अशा मुलांना शाळेत साखर तपासू द्यावी, इन्सुलिन टोचू द्यावे आणि गरजेनुसार खाऊ द्यावे. एलिझाबेथला टोरंटोत जीवदान मिळाले, त्यानंतर १०० वर्षांनी आपल्याकडे हे कागदावर आले. आता ते पत्र प्रत्येक वर्गशिक्षकापर्यंत पोहोचायला हवे. मधल्या सुट्टीत एखादे मूल बाकावर बसून पोटात सुई टोचत असेल, तर त्याला आडोसा शोधावा लागू नये आणि शेजारच्या मुलांनी नवल न करता आपापला डबा उघडावा. एलिझाबेथला हे कधी लाभले नाही.