घर कितीला पडलें?

घर कितीला घेतलें हा एक प्रश्न, आणि घर कितीला पडलें हा दुसरा. मराठी बोलीनें हे दोन प्रश्न फार पूर्वींच निरनिराळे केले आहेत. पहिल्याचें उत्तर विकणारा एका शब्दांत देतो. दुसऱ्याचें उत्तर मुद्रांकविक्रेता, खत लिहिणारा, वकील, दुय्यम निबंधक आणि नगरपालिका हीं सर्व मिळून, आणि तेंहि हप्त्याहप्त्यानें देतात. या दोन उत्तरांमधील अंतर कसें वाढत गेलें हें पाहावयाचें असेल, तर २०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें त्या अहमदनगर जिल्ह्याइतका बोलका प्रदेश क्वचितच सांपडेल.

पेशवाईच्या अखेरीपर्यंत गांवांतील खरेदीपत्र पाटील, कुळकर्णी आणि शेजारीपाजारी यांच्या साक्षीनें होई. दारापुढें कोण राहतो आणि परसू कोणाचें, हें गांवाला तोंडपाठ असे. त्या पाठांतराला कागदाचा आधार फारसा लागत नसे. खर्च मात्र मुळींच नव्हता असें नाहीं. वाद उभा राहिला, कीं जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ व हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ घेण्याचा सरकारचा रिवाज होता. न्याय कोणत्याहि बाजूला झुको, खजिन्यांत भर ही पडावयाचीच!

१८१८ सालीं नगरचा मुलूख इंग्रजांच्या हातीं आला आणि कागदाला स्वतःची अशी किंमत प्राप्त झाली. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत १८२७ सालीं जे कायदे झाले, त्यांतील अठरावा मुद्रांकाचा होता. १८५४ मध्यें नगर शहरांत नगरपालिका स्थापन झाली. १८६४ च्या कायद्यानें शंभर रुपयांच्या किंवा त्यावरील स्थावराच्या खताची नोंदणी सक्तीची झाली. चाळीसेक वर्षांच्या अवधींत घेणाऱ्याच्या हिशेबांत अशा कित्येक रकमा शिरल्या, ज्यांचा त्याच्या आजोबाला पत्ताहि नव्हता.

ह्या रकमा स्वतः मोठ्या नव्हत्या. खरा घात झाला तो त्यांचा अर्थ न कळल्यामुळें. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें नोंदणी न झालेल्या रोख्याचें आयुष्य तीन वर्षांवर आणलें. हेतु असा कीं, ऋणकोच्या मानेवर जुनें ओझें राहूं नये. परिणाम उलटा झाला. सावकार दर तीन वर्षांनीं नवा रोखा लिहवून घेऊं लागला; व्याज मुदलांत मिसळलें, आणि प्रत्येक वेळीं नव्या मुद्रांकाचा भारहि घेणाऱ्याच्याच खात्यावर चढला. अंगठा उठविणाऱ्याला आपण काय लिहून दिलें हें ठाऊक नसे. पुढें फिर्याद होई, तो न्यायालयांत हजर राहत नसे, कारण जाण्यायेण्याला आणि वकिलाला पैसा हवा. मग एकतर्फी हुकूमनामा होऊन त्याचा खर्चहि त्याच्याच माथीं बसे. कायद्याचा खर्च परवडत नाहीं म्हणून जो घरीं बसला, तो शेवटीं घरच गमावून बसला.

घोड नदीपलीकडे, पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत करडे नांवाचें गांव आहे. १८७४ च्या डिसेंबरांत तेथील बाबासाहेब देशमुख यांच्या सुमारें दीडशें रुपयांच्या कर्जापायीं काळूराम नांवाच्या सावकारानें हुकूमनामा मिळविला आणि त्यांचें घर पाडावयास घेतलें. जमिनी जात होत्या तेव्हां लोक कुरकुरत होते. पण डोळ्यांदेखत राहतें घर पडूं लागलें, तेव्हां गांवानें सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत भडका उडाला, आणि थोड्याच दिवसांत तो पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांत पोंचला. जमावाचें लक्ष्य ध्यानांत घेण्याजोगें आहे. त्यांना हवे होते रोखे, खतें, हुकूमनामे. ते हातीं आले कीं तेथेंच होळी होई, आणि जेथें सावकारानें ते निमूटपणें दिले तेथें त्याच्या अंगाला सहसा धक्का लागत नसे. शेतकऱ्याला कागद वाचतां येत नव्हता; कागदांत काय सामर्थ्य आहे तें मात्र त्याला पुरतें वाचतां आलें होतें.

चौकशी झाली, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांना कर्जांतून साहाय्य देणारा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यांत आला. त्यांतील सर्वांत शहाणपणाचें कलम ग्रामनिबंधकाचें म्हणावें लागेल. शेतकऱ्यानें करून दिलेलें खत, मग तें कर्जाचें असो वा खरेदीचें, या निबंधकाच्या देखरेखीखालीं लिहिलें जावें, त्याला समजावून सांगितलें जावें, अशी ती योजना होती. जी नोंदणी आतांपर्यंत केवळ खर्चाची बाब होती, तिला येथें प्रथमच ढालीचें रूप आलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं दुरुस्ती होऊन, ‘खरेदीखत’ म्हणून लिहिलेला व्यवहार मुळांत गहाण होता काय, हें तपासण्याचा अधिकारहि न्यायालयांस मिळाला. मुदतखरेदीच्या नांवाखालीं गेलेलें घर परत मागतां येऊं लागलें खरें. पण त्याबरोबरच प्रामाणिक खरेदीदाराला आधींचीं खतें वकिलाकडून तपासून घेणें प्राप्त झालें. एकाची ढाल दुसऱ्याच्या हिशेबांत खर्च म्हणून लिहिली गेली.

दरम्यान मिळकतीच्या हस्तांतराचा १८८२ चा कायदा १८९३ च्या आरंभापासून मुंबई इलाख्यांत लागू झाला होता. शंभर रुपयांवरील घराची तोंडी विक्री त्यानें अशक्य केली. विक्रीच्या दिवसापर्यंतची सरकारी देणीं विकणाऱ्यानें व पुढचीं घेणाऱ्यानें भरावीं, अशी वांटणीहि केली. मुद्रांकाचा भार, निराळा करार नसेल तर, १८९९ च्या कायद्यानें घेणाऱ्यावरच ठेवला. वांटणी कागदावर स्वच्छ आहे. परंतु घरपट्टीचा बोजा मिळकतीवरच चढतो. विकणारा गांव सोडून गेला, तरी घर कोठें जाणार? म्हणून जुनी पावती मागून घेण्याची चाल जाणत्या घरांत पडली, आणि ती उगाच नव्हे.

पुढील मोठा फेरा मुंबई मुद्रांक अधिनियमाचा, १९५८ सालचा. खतांत किंमत कमी दाखवून वरची रक्कम हातोहात देण्याचा प्रघात बोकाळला, म्हणून १९८० मध्यें खतांतील आंकड्याऐवजीं बाजारभावावर मुद्रांक घेण्याची तरतूद आली. स्वस्तांत मिळालेल्या घरालाहि मग सरकारी दरपत्रकाप्रमाणें शुल्क भरण्याची पाळी येऊं लागली. बोलणीं ठरवितांनाच तें दरपत्रक न पाहणारा ऐनवेळीं उसनवारीस निघतो.

ह्या वरखर्चाचें वजन किती, हें २०२० सालच्या महामारींत उघड झालें. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरपर्यंत शासनानें मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनीं उतरविलें. वीस लाखांच्या घरावर हे साठ हजार रुपये होतात; कित्येक कुटुंबांत एवढ्यावर खरेदी व्हावी कीं न व्हावी हें ठरतें. त्या चार महिन्यांत निबंधकांच्या कचेऱ्यांपुढें गर्दी लोटली. १ एप्रिल २०२१ पासून स्त्रियांच्या नांवें घर घेतल्यास एक टक्क्याची सूट मिळूं लागली, मात्र पंधरा वर्षें तें पुरुषास विकूं नये या अटीवर. ती अट २०२३ सालीं काढून टाकण्यांत आली.