दोनदा वाहिलेली घंटा

पालघरकडच्या दांडीहून किनाऱ्याने उत्तरेकडे निघालं की अणुवीज केंद्र मागे टाकून तारापूर लागतं. आज तारापूर म्हटलं की अणुभट्टी आणि एमआयडीसी आठवते. पेशवाईत हे नाव ओळखीचं होतं ते किल्ल्यामुळे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली, १५५९मध्ये त्यांनी दमण घेतलं आणि मधल्या पट्टीवर माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर असे कोट उभे राहिले. पोर्तुगीजांबरोबर चर्च आलं आणि चर्चबरोबर घंटा.

चर्चची घंटा ओतून आणली आणि टांगली, असं होत नसे. कॅथलिक रिवाजाप्रमाणे बिशप तिला पवित्र पाण्याने न्हाऊ घालतो, तेल लावतो, धूप देतो आणि बहुधा एखाद्या संताचं नाव ठेवतो. बारसंच म्हणा ना! या विधीनंतर ती घंटा देवाची होते.

मराठ्यांची मोहीम १७३७ साली साष्टीत सुरू झाली. १७३९च्या सुरुवातीला बाजीराव पेशव्यांचे भाऊ चिमाजी अप्पा यांच्या फौजांनी माहीम, केळवे, शिरगाव घेऊन तारापूरला सुरुंग लावले. इथली लढाई महागात पडली. बाजीरावांचा जिवलग सरदार बाजी भिवराव रेठरेकर तारापूरच्या तटापाशी गोळी लागून पडला. पाठोपाठ वसईला वेढा बसला आणि मे महिन्यात वसई पडली. शरण आलेल्या फौजेला मराठ्यांनी मानाने बाहेर पडू दिलं.

या विजयामागे नवसाची कथा सांगतात. वसई हाती आली तर वज्रेश्वरीला किल्ल्यासारखं देऊळ बांधीन, असं अप्पा बोलले होते. कथा खरी की मागाहून जोडलेली, यावर वाद घालता येईल, पण देऊळ समोर आहे: भिवंडी तालुक्यात, टेकडीवर, चहूबाजूंनी तटबंदी असलेलं आणि बावन्न पायऱ्यांचं.

नवस फेडला, पण चर्चमधून लुटीत आलेल्या घंटांचं काय करायचं? घंटेचा धातू म्हणजे तांबं आणि कथील. तोफाही याच मिश्रणाच्या ओतत, फक्त कथील कमी. नार्व्हाला तोफा गमावलेल्या रशियाच्या पीटरने १७०१मध्ये आपल्याच चर्चच्या घंटा वितळवून तोफा ओतल्या. स्पेनमध्ये ९९७ साली अल मन्सूरने सांतियागोच्या घंटा कोर्दोबाला नेल्या आणि मशिदीत त्यांचे दिवे केले. मराठ्यांनाही तोफांची चणचण कायमचीच होती. तरी या घंटांपैकी कितीतरी भट्टीत न जाता देवाला वाहिल्या गेल्या, आणि त्याही घंटा म्हणूनच.

भीमाशंकरला देवळासमोर दगडी खांबांमध्ये एक टांगलेली आहे. पालीच्या बल्लाळेश्वराची घंटाही अप्पांनी वाहिलेली म्हणून दाखवतात. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर, १७०७ सालची घंटा आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू स्पष्ट दिसतात. शेकडो किलोंचा हा ऐवज कोकणातून घाटमाथ्यावर चढवताना बैलांचं आणि माणसांचं काय झालं असेल, याची कल्पनाच केलेली बरी. नाशकात नारोशंकराच्या देवळापुढे टांगलेल्या घंटेवर १७२१ साल आहे. तिथे तर ती पुराची खूणच झाली. गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं आणि नारोशंकराच्या घंटेला लागलं का, हे नाशिककर पिढ्यान् पिढ्या विचारत आले आहेत.

लक्षात घेण्यासारखं हे, की कोणी क्रूस खरवडला नाही, मेरीची आकृती घासून काढली नाही, ख्रिस्ती सन पुसला नाही. याला आजच्या अर्थाने सर्वधर्मसमभाव म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. विजयाची खूण मिरवायची होती, मग ती पुसायची कशाला? पण एवढंच म्हणून भागत नाही. पोरी-बायका मेणवलीच्या घाटावर येऊन घंटेपुढे हात जोडतात, ते विजयाच्या आठवणीने नव्हे. एका देवाला वाहिलेली वस्तू दुसऱ्या देवाला चालते, हा हिशेब तेव्हाच्या माणसांना अवघड वाटला नाही.

या साऱ्या घंटा सरसकट वसईच्या मानल्या जातात. पुरावा मात्र तितका धड नाही. घंटेवरचं साल ती कधी ओतली ते सांगतं, कुठे वाजत होती ते नव्हे. साष्टी, माहीम, तारापूर ही ठाणी याच मोहिमेत पडली. त्यामुळे दख्खनच्या एखाद्या देवळातली घंटा पूर्वी वसईत नव्हे, तारापूरच्या या किनाऱ्यावर वाजत असणं अशक्य नाही.

त्याचा छडा लागायचा तर घंटेच्या काठावरची अक्षरं वाचावी लागतील, आणि ती रंगाच्या थरांखाली बुजत चालली आहेत. देवस्थानांनी निदान ऑइलपेंट थांबवावा आणि प्रत्येक घंटेचे स्वच्छ फोटो काढून, मापं घेऊन ठेवावीत. तुमच्या गावच्या देवळात अशी घंटा असेल, तर वाजवण्याआधी एकदा काठावरून नजर फिरवा.